रिलेमधून जाणाऱ्या बिनतारी दुव्याची क्षमता नेमकी कुठे अडते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंगराळ भागातल्या एका शाळेपर्यंत इंटरनेट पोचवण्यासाठी, फायबर जिथे संपते तिथून शाळेपर्यंतच्या सुमारे ९ किलोमीटरच्या वाटेवर दोन रिपीटर (म्हणजे सिग्नल घेऊन पुढे पाठवणारे रिले) बसवले आहेत. सर्व उपकरणे ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात, ४० मेगाहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर चालतात आणि प्रत्येक रिपीटरमध्ये एकच रेडिओ आहे. तिन्ही टप्पे सुटे मोजले तर अनुक्रमे ९०, ८० आणि ६० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) मिळतात. प्रत्यक्षात मात्र पहिल्या रिपीटरपुढच्या टप्प्याअखेर ४२ आणि शाळेत अवघे २५ एमबीपीएस पोचतात. उपकरणे सदोष आहेत का, मोठा अँटेना लावून फरक पडेल का, आणि रिलेमार्फत होणाऱ्या बिनतारी संदेशवहनाला मुळातच काही अंतिम मर्यादा आहे का, असे आपण विचारले आहे.

उपकरणे ठणठणीत आहेत. एक मेगाबिट पहिल्या टप्प्यावरून जायला १/९० सेकंद लागतो आणि दुसऱ्यावरून १/८० सेकंद. चॅनेल एकच असल्यामुळे हे दोन्ही वेळ एकामागून एक खर्च होतात. त्यांची बेरीज करून उलटी केली की ४२.४ येतात. त्यात तिसऱ्या टप्प्याचा १/६० सेकंद मिळवला की २४.८ येतात. आपली मोजणी या गणिताशी इतकी जुळते की, उपकरण हवेतला वेळ वाया घालवत आहे असे म्हणायला जागाच उरत नाही. ‘प्रत्येक रिपीटरला वेग निम्मा होतो’ हे सर्वत्र ऐकू येणारे विधान मात्र अर्धवट आहे. टप्पे सारखे असतील तर दोन टप्प्यांना निम्मा, तीन टप्प्यांना एक तृतीयांश आणि चार टप्प्यांना एक चतुर्थांश वेग उरतो. निम्म्याचा निम्मा आणि त्याचाही निम्मा असा तो घसरत नाही.

मोठ्या अँटेनाविषयीही हेच गणित बोलते. तिसरा टप्पा ६० वरून ९० वर नेला तर शाळेत २८.८ मिळतील. पहिला टप्पा ९० वरून थेट १८० वर नेला तरी नेमके तेवढेच, २८.८ मिळतील. म्हणजे कमकुवत टप्प्यावर मिळवलेले ३० एमबीपीएस हे सशक्त टप्प्यावर मिळवलेल्या ९० एमबीपीएसच्या तोडीचे ठरतात. खर्च करायचाच असेल तर तो सर्वांत मंद टप्प्यावर करावा, आणि तिथेही अँटेना बदलण्याआधी वाट स्वच्छ आहे का ते पाहावे. ३ किलोमीटरच्या टप्प्यावर ५.८ गिगाहर्ट्झला फ्रेनेल क्षेत्राची (दृष्टिरेषेभोवतीच्या, लहरींना लागणाऱ्या लांबट जागेची) मधोमध त्रिज्या सुमारे ६ मीटर असते आणि तिचा ६० टक्के भाग, म्हणजे जवळजवळ ४ मीटर, दृष्टिरेषेच्या भोवती मोकळा असावा लागतो. उन्हाळ्यात दुर्बिणीतून समोरचा मनोरा दिसला म्हणून जोडलेला दुवा पावसाळ्यानंतर झाडे वाढली की का रोडावतो, याचे कारण बहुधा या चार मीटरांतच सापडते.

आता तिसऱ्या, खऱ्या अर्थाने खोल असलेल्या प्रश्नाकडे वळतो. रिले स्वतः वेग निर्माण करत नाही. तो वेळ घेतो आणि त्या बदल्यात सिग्नल देतो. हा व्यवहार किफायतशीर आहे की आतबट्ट्याचा, हे रिलेच्या दर्जावर ठरत नाही, तर रिले नसताना थेट दुव्याची अवस्था काय होती यावर ठरते.

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दाखवले की एका दुव्याची कमाल क्षमता म्हणजे बँडविड्थ (चॅनेलची रुंदी) गुणिले (१ अधिक सिग्नल-नॉइज गुणोत्तर) या संख्येचा २ या पायाचा लॉगरिदम. हे गुणोत्तर म्हणजे सिग्नल हा नॉइजच्या, म्हणजे नको असलेल्या खरखरीच्या, किती पट आहे ते. लॉगरिदममुळे या सूत्राचे वागणे दोन टोकांना अगदी भिन्न असते. सिग्नल क्षीण असताना तो दुप्पट केला तर क्षमताही जवळजवळ दुप्पट होते. सिग्नल सशक्त असताना तो दुप्पट केला तर प्रति हर्ट्झ जेमतेम १ बिटाची भर पडते. आता मधोमध एक रिले ठेवा. अंतर निम्मे झाले. अंतराच्या चौथ्या घाताने सिग्नल घटतो असे मानले, तर प्रत्येक टप्प्यावर सिग्नल १६ पट, म्हणजे १२ डेसिबेलने वाढला. मात्र प्रत्येक टप्प्याच्या वाट्याला निम्माच वेळ आला. थेट दुव्याचे गुणोत्तर १, म्हणजे ० डेसिबेल असेल, तर थेट क्षमता प्रति हर्ट्झ १ बिट असते आणि रिलेमार्फत ती २.०४ होते: सरळ दुप्पट. थेट गुणोत्तर १००, म्हणजे २० डेसिबेल असेल, तर थेट क्षमता ६.६६ असते आणि रिले लावल्यावर ती ५.३२ वर उतरते. चांगल्या चाललेल्या दुव्यात रिले घालून आपण त्याचे नुकसान केलेले असते.

या दोन्हींच्या मधला समतोलाचा बिंदू काढता येतो. सिग्नल अंतराच्या ज्या घाताने घटतो, तितका २ चा घात घ्यावा आणि त्यातून २ वजा करावेत. घात ४ असेल तर हा बिंदू १४ वर, म्हणजे सुमारे ११.५ डेसिबेलवर येतो. घात ३ असेल तर ६ वर, म्हणजे ७.८ डेसिबेलवर, आणि मोकळ्या आकाशासारखी वाट असून घात २ असेल तर फक्त २ वर, म्हणजे ३ डेसिबेलवर येतो. आपल्या ४० मेगाहर्ट्झच्या चॅनेलमध्ये, रिसीव्हरचा स्वतःचा नॉइज ६ डेसिबेल धरला, तर नॉइजची पातळी उणे ९२ डीबीएमच्या (१ मिलिवॉटच्या तुलनेत मोजलेल्या डेसिबेलच्या) आसपास असते. त्यामुळे घात ४ असलेल्या परिसरातही थेट सिग्नल उणे ८० डीबीएमपेक्षा बरा असेल, तर एकाच रेडिओचा रिपीटर लावणे तत्त्वतः तोट्याचे आहे. व्यवहारात उपकरणे शॅननच्या मर्यादेच्या काही डेसिबेल खाली चालतात, त्यामुळे हा आकडा थोडा इकडेतिकडे सरकतो, पण त्याचा रोख बदलत नाही. घराघरांतून ‘दांड्या’ कमी दिसतात म्हणून एक्स्टेंडर विकत घेतले जातात. दांड्या वाढतात आणि वेग घटतो, त्याचे कारण हे आहे.

डोंगराळ वाटेला मात्र हा घाताचा हिशेब तसाच लावू नये. मध्ये कडा आडवा आला की थेट सिग्नल अंतराच्या कोणत्याही घाताने घटत नाही, तो कड्यामागे बुडतो. कड्याच्या नुसत्या धारेला दृष्टिरेषा टेकली तरी ६ डेसिबेल जातात आणि कडा त्याहून वर आला तर वीस-तीस डेसिबेल सहज जातात. अशा ठिकाणी माथ्यावरचा पहिला रिले अंतर निम्मे करतो म्हणून नव्हे, तर अडथळा वळसा घालून टाळतो म्हणून फायद्याचा ठरतो, आणि तिथे त्याला पर्याय नसतो. दुसऱ्या रिलेविषयी इतक्या खात्रीने बोलता येत नाही. त्याच्याकडे शेवटी येतो.

वर मी रिलेला एक साधे काम दिले: ऐकायचे, मग बोलायचे, आणि शेवटच्या टोकाने फक्त रिलेचेच ऐकायचे. सिद्धांत इतका कंजूष नाही. एडवर्ड व्हॅन डेर म्यूलेन यांनी १९७१ मध्ये तीन टोकांचा हा चॅनेल (इथे अर्थ संदेशाचा संपूर्ण मार्ग) गणिताच्या भाषेत मांडला आणि थॉमस कव्हर व अब्बास एल गमाल यांनी १९७९ मध्ये त्याच्या क्षमतेवर एक वरची मर्यादा घालून दिली, जी आजही या विषयाचा कणा आहे. कल्पना अशी की उगम (पाठवणारा), रिले आणि गंतव्य (ज्याला संदेश पोचवायचा तो) यांच्यामधून दोन प्रकारे छेद घेता येतो. पहिल्या छेदात एका बाजूला एकटा उगम असतो. तो जे बोलतो ते रिले आणि गंतव्य या दोघांनी मिळून, कान एकत्र करून ऐकले तर जितकी माहिती निघेल, तितकीच ओलांडून जाऊ शकते. दुसऱ्या छेदात उगम आणि रिले एका बाजूला असतात. ते दोघे मिळून, सुरात सूर मिसळून बोलले तर गंतव्याला जितके कळेल, तितकेच पोचू शकते. क्षमता या दोन्हींपैकी लहान संख्येपेक्षा जास्त असूच शकत नाही. पहिला छेद अरुंद असेल तर रिलेची शक्ती वाढवून काहीही साधत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

या मर्यादेपर्यंत पोचायचे कसे, यासाठी रिलेने काय करावे याचे तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला म्हणजे संदेश पूर्ण उलगडायचा आणि नव्याने बांधून पाठवायचा. रिलेपर्यंतचा दुवा गंतव्यापर्यंतच्या दुव्यापेक्षा निःसंशय चांगला असेल, गंतव्याला जे ऐकू येते ते रिलेने ऐकलेल्याचीच अधिक गढूळ प्रत असेल, तर हा मार्ग नेमका मर्यादेवर नेतो, असे कव्हर आणि एल गमाल यांनी सिद्ध केले. मात्र रिलेला स्वतःलाच नीट ऐकू येत नसेल, तर ‘आधी सगळे समजून घे, मगच पुढे पाठव’ ही अट त्याच्या गळ्यातले लोढणे होते. अशा वेळी दुसरा मार्ग उपयोगी पडतो: रिलेने अर्थ लावण्याच्या भानगडीत न पडता, आपल्याला जे ऐकू आले त्याचे संक्षिप्त वर्णन गंतव्याला द्यावे आणि गंतव्याने ते स्वतःच्या ऐकीव सिग्नलशी जुळवून संदेश काढावा. रिले गंतव्याच्या जवळ असताना हा मार्ग सरस ठरतो.

तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त आहे: आलेला सिग्नल नॉइजसकट वाढवून पुढे ढकलायचा. दोन्ही टप्प्यांचे गुणोत्तर १०० असेल तर एकत्रित गुणोत्तर सुमारे ५० होते, म्हणजे ३ डेसिबेल गेले. टप्पे वाढतील तसा नॉइज साचत जातो. मोबाइल सिग्नल वाढवणारे बूस्टर याच जातीचे असतात. आपल्याच आउटपुटचा आवाज इनपुटला ऐकू येऊ नये म्हणून त्यांच्या दोन अँटेनांमधला विलगपणा वाढीच्या प्रमाणापेक्षा सुमारे १५ डेसिबेल अधिक ठेवावा लागतो, नाहीतर मायक्रोफोन स्पीकरसमोर धरल्यासारखी शिट्टी सुरू होते आणि आसपासच्या टॉवरलाही त्याचा उपद्रव होतो.

यानंतर कुणालाही वाटेल की मर्यादा माहीत आहे, मार्ग माहीत आहेत, तेव्हा विषय संपला. वस्तुस्थिती अशी आहे की एका उगमाच्या, एका रिलेच्या आणि एका गंतव्याच्या सर्वसाधारण चॅनेलची नेमकी क्षमता १९७१ पासून आजवर सापडलेली नाही. विशेष प्रकारांची तेवढी माहीत आहे. हा प्रश्न किती चिवट आहे याचा नमुना पाहा. रिले आणि गंतव्य या दोघांनाही उगमाचा सिग्नल सारख्याच दर्जाचा ऐकू येतो आणि रिलेपासून गंतव्यापर्यंत ठराविक क्षमतेची स्वतंत्र तार आहे, असे समजा. दोघांचे ऐकलेले जणू एकाच ठिकाणी उपलब्ध असावे इतकी एकूण क्षमता मिळवण्यासाठी ही तार किती जाड हवी, असे कव्हर यांनी १९८७ मध्ये विचारले होते. गाउसीय नॉइजच्या (घंटाकृती आलेखाप्रमाणे यदृच्छ बदलणाऱ्या खरखरीच्या) बाबतीत श्युगांग वू, लेटन पेट बार्न्स आणि आयफर ओझगुर यांनी तीन दशकांनी उत्तर दिले: कितीही जाड तार घेतली, ती मर्यादित आहे तोवर पूर्ण क्षमता मिळत नाही. छेदाची मर्यादा इथे कधीच गाठता येत नाही.

अभियंत्याने यावरून निराश होण्याचे मात्र कारण नाही. सलमान अवेस्तिमेहर, सुहास दिग्गवी आणि डेव्हिड त्से यांच्या २०११ च्या कामातून हे स्पष्ट झाले की एका रिलेच्या गाउसीय चॅनेलमध्ये, संदेश उलगडून पाठवण्याचा मार्ग किंवा गरज पडल्यास थेट दुवा वापरला, तर आपण छेदाच्या मर्यादेपासून प्रति सेकंद प्रति हर्ट्झ १ बिटापेक्षा अधिक दूर कधीच नसतो, मग सिग्नल कितीही लहान-मोठे असोत. रिले अनेक असतील तर हे अंतर त्यांच्या संख्येनुसार वाढते, परंतु सिग्नलच्या ताकदीवर ते अवलंबून राहत नाही. नेमका आकडा हाती नसला तरी कुंपण कुठे आहे हे माहीत आहे, आणि व्यवहाराला बहुतेक वेळा तेवढे पुरते.

या सगळ्या निष्पत्तींत एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे रिले एकाच वेळी एकाच चॅनेलवर ऐकू आणि बोलू शकतो. प्रत्यक्षात बोलणाऱ्या अँटेनातून २० डीबीएम बाहेर पडत असतात आणि ऐकायचा असतो उणे ९० डीबीएमच्या आसपासचा सिग्नल. स्वतःचाच आवाज ११० डेसिबेलने, म्हणजे १ वर ११ शून्ये इतक्या पटींनी, दाबला तरच दुसऱ्याचे ऐकू येते. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये वायफायच्या सिग्नलवर हे ११० डेसिबेल दाबून दाखवले, पण बाजारातले सामान्य रेडिओ अजून आलटून पालटूनच बोलतात. आपल्या दुव्यात निसर्गाची मर्यादा नव्हे, ही मर्यादा चावते आहे.

टप्पे आणि केंद्रे (संदेश घेणारी-पाठवणारी उपकरणे) वाढत गेली की आणखी एक अडचण उभी राहते: आसपासच्या टप्प्यांचा एकमेकांना होणारा उपद्रव. एमआयटीतल्या एका गटाने २००१ मध्ये दाखवले की लांबलचक साखळीत, एका प्रक्षेपणाचा त्रास पुढच्या काही केंद्रांना होत असल्यामुळे, आदर्श स्थितीतही एका टप्प्याच्या एक चतुर्थांश वेग मिळतो आणि वायफायच्या पद्धतीने चॅनेल वाटून घेतला तर तो सुमारे एक सप्तमांशावर येतो. जमेची बाजू अशी की साखळी त्याहून लांबवली तरी वेग आणखी घटत नाही, कारण दूरचे टप्पे एकाच वेळी बोलू शकतात. जाळ्याची गोष्ट याहून वाईट असते. पीयूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी २००० मध्ये सिद्ध केलेल्या निष्कर्षाचा गाभा असा की केंद्रांची संख्या वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग ढोबळमानाने त्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. १०० केंद्रांची १०,००० केली तर प्रत्येकाचा वाटा दहापटीने आक्रसतो, कारण प्रत्येकाचा बहुतांश वेळ दुसऱ्यांचे संदेश वाहण्यातच जातो. शहरभर फक्त एकमेकांच्या आधाराने चालणारे वायफायचे जाळे उभारण्याच्या कल्पना वारंवार का फसतात, याचे उत्तर उपकरणांत शोधू नये.

हा नियम वाकवण्याचे दोन मार्ग माहीत आहेत आणि दोन्हींची किंमत मोठी आहे. ओझगुर, लेव्हेक आणि त्से यांनी २००७ मध्ये दाखवले की केंद्रांनी गट करून, एका मोठ्या अँटेनासारखे एकत्र काम केले, तर एकूण क्षमता जवळजवळ केंद्रांच्या संख्येइतक्या वेगाने वाढू शकते. पण त्यासाठी लागणारा ताळमेळ प्रत्यक्ष यंत्रणांना अजून झेपलेला नाही. दुसरा मार्ग ग्रॉसग्लाउझर आणि त्से यांचा, २००२ मधला: केंद्रे फिरती असतील तर संदेश कोणत्यातरी फिरत्या केंद्राकडे सोपवावा आणि ते गंतव्याजवळ पोचेपर्यंत थांबावे. मग प्रत्येकाचा वाटा घटत नाही, फक्त उशीर होतो. कर्नाटकात डाकनेट या प्रयोगात बसवर बसवलेला वायफाय संच गावोगावची माहिती अशीच वाहून नेत असे, आणि ज्या गावात दिवसाला दोनदा बस जाते तिथे अर्ज पाठवण्यासाठी हे पुरेसेही असते.

आता आपल्या डोंगराकडे परत येऊ. माथ्यावर पाठीला पाठ लावून दोन डिश असतील, तर एक बोलत असताना दुसरी ऐकू शकत नाही, कारण बाजूने गळणारा सिग्नलही तिला बधिर करतो. परंतु दोघी एकाच वेळी बोलू शकतात आणि दोघी एकाच वेळी ऐकूही शकतात. भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी २००५ मध्ये लांब पल्ल्याच्या वायफाय दुव्यांसाठी नेमकी हीच शिस्त मांडली. ती आपल्या साखळीला लावली, तर पहिला आणि तिसरा टप्पा एकाच वेळी चालतील आणि उरलेल्या वेळात दुसरा. वेळेची वाटणी नीट केली तर त्याच ४० मेगाहर्ट्झमध्ये शाळेला २५ ऐवजी ३४ एमबीपीएस मिळतील. त्यासाठी प्रत्येक रिपीटरवर दोन रेडिओ आणि सर्वांचे घड्याळ जुळवणारी, बहुधा जीपीएसवर चालणारी यंत्रणा लागते.

दोन रेडिओ घ्यायचेच असतील तर त्याहून सोपा उपाय म्हणजे तिन्ही टप्प्यांना वेगवेगळे चॅनेल देणे. मग कुणी कुणासाठी थांबत नाही आणि सर्वांत मंद टप्प्याइतका, म्हणजे ६० एमबीपीएस वेग मिळतो. यात फुकट काहीच नाही, हेही लक्षात असावे: आधी ४० मेगाहर्ट्झमध्ये २५, म्हणजे प्रति हर्ट्झ ०.६२ बिट मिळत होते. आता १२० मेगाहर्ट्झमध्ये ६०, म्हणजे ०.५ बिट मिळतील. वेग वाढला आणि स्पेक्ट्रमचा वापर अधिक उधळा झाला. पुण्यातल्या एखाद्या दाट सोसायटीत हा सल्ला मी देणार नाही. भारतात मात्र २०१८ पासून ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त आहेत आणि आपल्या डोंगरात त्यातले बहुतेक रिकामेच असणार, तेव्हा खुशाल वापरा. एकाच खांबावरचे दोन चॅनेल शेजारशेजारचे न घेता पट्ट्याच्या दोन टोकांचे घ्यावेत आणि दोन डिशमध्ये उभे अंतर जितके ठेवता येईल तितके ठेवावे. चॅनेल वेगळे असले तरी कडेने सांडणारी शक्ती शेजारच्या रिसीव्हरला पुरती दडपू शकते.

पण काहीही विकत घेण्याआधी एक चाचणी करा. दुसरा रिपीटर बंद ठेवा, शाळेतली डिश थेट माथ्यावरच्या रिपीटरकडे वळवा आणि तो एकच टप्पा आयपर्फने (वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमने) मोजा. दुसरा आणि तिसरा टप्पा मिळून आज एकत्रितपणे ३४.३ एमबीपीएस देतात, कारण १/८० आणि १/६० यांच्या बेरजेची उलट संख्या तेवढीच येते. थेट टप्पा याहून अधिक देत असेल, समजा ४५ देत असेल, तर शाळेत ३० एमबीपीएस पोचतील आणि दुसरा रिपीटर, त्याची बॅटरी, सौर पॅनेल आणि पावसाळ्यातल्या फेऱ्या यांसकट उतरवून ठेवता येईल. थेट टप्पा ३४ च्या खाली राहिला, तर तो रिपीटर आपली किंमत वसूल करत आहे. त्याला जागेवरच राहू द्या आणि पैसा दुसऱ्या रेडिओंवर घाला.